पत्र्यावरचा आवाज

ॲल्युमिनियमची जुनी, घरी मुद्रित केलेली तबकडी हाती लागली तर ती लगेच वाजवायची नाही. घरात आजोबांच्या काळचा, चावी द्यायचा, कर्ण्याचा ग्रामोफोन असेल तर मोह अनावर होतो. तबकडी जुनी, यंत्रही जुने, म्हणजे जोडी जमलीच! पण पोलादी पिन आणि शंभराहून अधिक ग्रॅम वजनाचा साउंडबॉक्स त्या मऊ पत्र्यावर उतरला की नव्वद वर्षे टिकलेला आवाज पहिल्याच फेरीत खरवडून निघू शकतो. आणि त्या आवाजाची दुसरी प्रत बहुधा जगात कुठेच नसते.

आपल्या माळ्यांवर ज्या काळ्या तबकड्या सापडतात त्यांची गोष्ट वेगळी. त्या कारखान्यात छापलेल्या. गायकाने मेणाच्या चकतीसमोर गायचे, त्या मेणावरून धातूचे साचे करायचे आणि साच्यांतून लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या गरम लगद्याच्या शेकडो तबकड्या दाबून काढायच्या. जगभरच्या या कारखान्यांना लागणारी लाख बहुतांशी आपल्याच देशातून जात असे. अशी एक तबकडी फुटली तर दुसरी कुणा संग्राहकाकडे मिळण्याची आशा असते. ॲल्युमिनियमच्या तबकडीला साचा नाही. माणूस ज्या चकतीसमोर बोलला, तीच चकती आपल्या हातात असते.

या तबकड्यांचा बहराचा काळ फार थोडा, साधारण 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून 1934-35 पर्यंतचा, आणि तोही मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमधला. त्यामागे दोन गोष्टी जुळून आल्या होत्या. चार्ल्स हॉल आणि पॉल एरू यांनी 1886 मध्ये, एकमेकांना न सांगता, विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची रीत शोधली आणि एके काळी दागिन्यांना शोभणारा हा धातू हळूहळू पातेल्यांपर्यंत स्वस्त झाला. दुसरीकडे 1925 पासून ध्वनिमुद्रण विजेवर आले. मायक्रोफोन आणि ॲम्प्लिफायर आल्यावर कर्ण्यात तोंड घालून ओरडण्याची गरज उरली नाही. रेडिओ घेतलेल्या घरात ॲम्प्लिफायर आपोआपच आला होता. त्याला मुद्रणाचे डोके जोडले की घरच्या घरी पोरांची बडबड, आजीचे गाणे, रेडिओवरचे भाषण पत्र्यावर उतरवता येई.

‘उतरवता येई’ म्हणजे नेमके काय होई, हे समजल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. मेणावर किंवा नंतर आलेल्या लॅकरच्या थरावर धारदार सुई चर कापते आणि कापलेल्या भागाची बारीक तार बाहेर निघते. ॲल्युमिनियमवर असे काही कापले जात नाही. गुळगुळीत टोकाची सुई भरपूर वजनाने पत्र्यात दाबली जाते, धातू दोन्ही बाजूंना सरकतो आणि चर तयार होतो. एडिसनने 1877 मध्ये कथलाच्या वर्खावर आवाज उमटवला तोही असाच दाबून, फरक इतकाच की त्याची सुई वर-खाली हलत होती आणि इथे ती डावी-उजवीकडे हलते. धातू नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. त्यामुळे चराच्या दोन्ही कडांना बारीक उंचवटे उठतात, तळ उथळ आणि गोलसर राहतो. हे उंचवटे आणि हा उथळ तळ तबकडी वाजवताना पुन्हा आडवे येतात.

सुईला चकतीच्या कडेपासून मध्याकडे सावकाश सरकवत नेणे हा घरगुती यंत्रांपुढचा मोठा प्रश्न होता. व्यावसायिक यंत्रात त्यासाठी आटे पाडलेला लांब दांडा असतो, पण तो महाग. मग कुणी युक्ती काढली की कोऱ्या चकतीवर आधीच रिकामा चर पाडून विकायचा. सुई त्या चरातून आपोआप आत सरकते आणि जाता जाता भिंतींवर आवाज उमटवते. 1920 च्या दशकातल्या ‘कोडिस्क’सारख्या धातूच्या चकत्या या जातीच्या. 1930 मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीने रेडिओ आणि ग्रामोफोनच्या जोडयंत्रात घरगुती मुद्रणाची सोय केली तीही आधी चर पाडलेल्या चकत्यांवर. मात्र त्या धातूच्या नसून काळ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या होत्या. वाजवायचे आणि मुद्रण करायचे डोके एकच, फक्त मुद्रणाच्या वेळी त्यावर जादा वजन ठेवायचे. मला ही व्यवस्था अतिशय हुशारीची वाटते, आवाज कसाही येवो.

आता पोलादी पिनेबद्दल. लाखेच्या तबकडीतली दगडाची पूड मुद्दाम घातलेली असे. ती पूड पहिल्या काही फेऱ्यांत पिनेचे टोक घासून चराच्या आकाराचे करी. म्हणूनच दर बाजूला पिन बदलण्याचा नियम होता. तिथे झीज मुख्यतः पिनेची व्हायची. ॲल्युमिनियममध्ये अशी पूड नाही. काठिण्याच्या मोस श्रेणीत तो पावणेतीनच्या आसपास, म्हणजे आपल्या नखापेक्षा जेमतेम कठीण. पिनेचे टोक तीक्ष्णच राहते आणि ती पत्र्याला नांगरत जाते. हे त्या काळीही ठाऊक होते. अशा चकत्यांबरोबर बांबूच्या तिधारी सुया वापरायला सांगत. टोक बोथट झाले की छोट्या कातरीने तिरके छाटून पुन्हा तीच सुई वापरायची. निवडुंगाच्या काट्याच्या सुयाही चालत. तरीही घरोघरी व्हायचे तेच झाले. बांबूच्या सुया संपल्या, पाहुण्यांसमोर पोलादी पिन लावली गेली आणि चकतीवर सुरुवातीच्या सेंटीमीटरभर पट्ट्यात करड्या रंगाची झीज उमटली. आज सापडणाऱ्या कित्येक चकत्यांवर तो करडा पट्टा दिसतो.

ओळखण्याचे काम घाईचे नाही, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक काम तेच आहे. निव्वळ ॲल्युमिनियमची चकती दोन्ही बाजूंनी आणि कडेलाही एकाच चंदेरी-राखाडी रंगाची असते. हातात घेतली तर आपल्या घरातल्या ‘जर्मन’च्या ताटासारखी हलकी आणि किंचित वाकणारी. कागदी लेबल असेलच असे नाही. बहुतेकदा मध्यभागी कुणी टोचणीने तारीख किंवा नाव कोरलेले आढळते. ‘स्पीक-ओ-फोन’ किंवा ब्रिटनमधले ‘सिल्व्हाटोन’ असे नाव दिसले तर प्रश्न जवळजवळ सुटलाच.

घोटाळा होतो तो तिच्या नात्यातल्या चकत्यांशी. त्यांतली सर्वांत महत्त्वाची म्हणजे लॅकरची. 1934 च्या सुमारास अमेरिकेत प्रेस्टो आणि फ्रान्समध्ये पिराल या कंपन्यांनी, तर ब्रिटनमध्ये सेसिल वॉट्स यांनी ॲल्युमिनियमच्या चकतीवर सेल्युलोज नायट्रेटचा मऊ, चकचकीत थर द्यायला सुरुवात केली. या थरात चर खरोखर कापला जाई, आवाज कितीतरी स्वच्छ येई आणि उघड्या पत्र्याची सद्दी दोन-तीन वर्षांत संपली. लॅकरची चकती वरून काळी किंवा गडद दिसते; पण कडेला किंवा मधल्या भोकाच्या काठावर थर उडालेला असेल तिथे चंदेरी धातू डोकावतो. लेबलाखाली मधल्या भोकाशेजारी आणखी एक-दोन भोके असली तर खूण पक्की, कारण मुद्रण करताना चकती घसरू नये म्हणून यंत्राचा खुंटा त्यांत अडकवत. तिच्यावर पांढरट, मेणचट साय आली असेल तर ती बुरशी समजू नये. थर लवचीक राहावा म्हणून घातलेल्या एरंडेलातून बाहेर आलेली ती आम्ले असतात. या चकतीला अल्कोहोल लावले तर थरच विरघळू लागतो. उघड्या ॲल्युमिनियमला ती भीती नाही, पण दोन्हींत फरक कळेपर्यंत बाटली लांबच ठेवलेली बरी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲल्युमिनियम विमानांकडे वळला तेव्हा लॅकरखाली काच आली. ती चकती पडली तर उचलण्यासारखे काही राहत नाही.

दुसरा नातेवाईक म्हणजे कारखान्याचा साचा. तोही धातूचा आणि चमकदार, पण त्यावर चरांच्या जागी उभे कंगोरे असतात, आणि बहुतेक साचे निकेलचे असल्याने त्यांना लोहचुंबक चिकटते. ॲल्युमिनियमला चिकटत नाही. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवरचे चुंबक एवढ्या कामाला पुरते. जस्ताची चकतीही कधीतरी भेटते. ती निळसर राखाडी आणि तेवढ्याच आकाराला जवळपास अडीचपट जड.

एक गोष्ट मात्र डोळ्यांनीच पाहावी लागते. चकतीवर चर दिसतात म्हणजे तिच्यात आवाज आहे असे नाही. आधी चर पाडलेली कोरी चकतीही चरांनी भरलेली असते. खिडकीशी जाऊन तिरप्या उजेडात ती हळूहळू फिरवावी. कोऱ्या चरांवर उजेड एकसारखा सरकतो. आवाज असलेल्या भागात तो थरथरतो आणि मोठ्या आवाजाच्या जागी ठिपक्याठिपक्यांनी तुटतो. भिंगातून पाहिले तर नागमोडी स्पष्ट दिसते. त्याच वेळी सुरुवात बाहेरून आहे की आतून, हेही बघून घ्यावे. काही यंत्रे मध्यापासून कडेकडे मुद्रण करत, आणि अशी चकती बाहेरून वाजवायला घेतली तर सुई चरातून पुढे जाण्याऐवजी कडेवरून घसरते.

इतक्या कष्टाने जपाव्यात अशा या चकत्यांवर असते तरी काय? घरगुती चकत्यांवर बहुधा वाढदिवस, नाताळच्या शुभेच्छा आणि चुकत चुकत म्हटलेली गाणी असतात. पण याच तंत्राने दोन-तीन मोठी कामेही झाली. हार्वर्डचे अभिजात भाषांचे तरुण प्राध्यापक मिल्मन पॅरी 1934 मध्ये युगोस्लाव्हियात गेले ते एक प्रश्न घेऊन: होमरची महाकाव्ये लिहिणे-वाचणे न येणाऱ्या गायकांनी गाता गाता रचली असतील का? हे तपासायचे तर जिवंत गायकाला न थांबवता तासन् तास ऐकायला हवे. बारा इंची चकतीच्या एका बाजूला जेमतेम चार मिनिटे मावत. पॅरींनी कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीच्या एका कंपनीकडून दोन थाळ्यांचे यंत्र बनवून घेतले. एक चकती भरत आली की कळ दाबून मुद्रण दुसरीवर न्यायचे, तोवर पहिली बदलायची. अशा साडेतीन हजारांहून अधिक ॲल्युमिनियमच्या चकत्या हार्वर्डच्या वाइडनर ग्रंथालयातल्या संग्रहात आहेत. बियेलो पोल्ये गावाकडचा खाटीक आव्दो मेजेदोविच याने गायलेल्या एका काव्याच्या 13,000 हून अधिक ओळी त्यांत आहेत. तो निरक्षर होता. रात्रभर उभे राहणाऱ्या गोंधळ्यांना ज्यांनी ऐकले आहे त्यांना याचे इतरांइतकेच कौतुक वाटेल, पण अचंबा कमी वाटेल. पॅरी 1935 च्या डिसेंबरात अपघाती गोळी लागून गेले, अवघ्या 33 व्या वर्षी. त्यांचे मदतनीस आल्बर्ट लॉर्ड यांनी पुढे याच सामग्रीवर ‘द सिंगर ऑफ टेल्स’ हा ग्रंथ लिहिला, 1960 साली. आणि संगीतकार बेला बार्टोक यांनी अमेरिकेत आल्यावर याच संग्रहातली बायकांची 75 गाणी स्वरलिपीत उतरवली.

त्याच सुमारास, 1933 च्या उन्हाळ्यात, जॉन लोमॅक्स आणि त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा ॲलन अमेरिकेच्या दक्षिणेत फोर्ड गाडीच्या मागच्या भागात 315 पौंडांचे, म्हणजे सुमारे 143 किलोंचे यंत्र घालून तुरुंगातुरुंगांतून हिंडत होते. लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात हडी लेडबेटर ऊर्फ लेड बेली हा कैदी त्यांना भेटला, आणि त्याचा पहिला मुद्रित आवाज पत्र्यावरच उमटला. त्यात ‘आयरीन’चे गाणेही होते. कवी व्हॅचेल लिंडसे यांचे काव्यवाचन 1931 च्या जानेवारीत कोलंबिया विद्यापीठातल्या दोन अध्यापकांनी ॲल्युमिनियमवर घेतले. मूळचा खटाटोप बोलीभाषांचे नमुने जमवण्याचा होता. लिंडसे त्याच वर्षीच्या डिसेंबरात वारले.

आता वाजवण्याकडे. तबकडी बेअरिंग चांगले असलेल्या, गती कमीजास्त करता येणाऱ्या टर्नटेबलवर, विजेच्या हलक्या पिकअपने आणि काही ग्रॅमच्याच भाराने वाजवावी. साध्या एलपीची सुई वापरू नये. तिचे टोक सुमारे 18 मायक्रॉनचे. ते या रुंद चराच्या तळाशी बसून तिथला सगळा खडबडीतपणा वर आणते. लाखेच्या तबकड्यांची सुई साधारण 75 मायक्रॉनची. ॲल्युमिनियमला तिच्या आसपासच्या, काही लहान काही मोठ्या सुया लावून पाहाव्या लागतात, कारण प्रत्येक यंत्राचे दाबायचे टोक वेगळे होते. टोक छाटलेली लंबवर्तुळाकार सुई बहुधा उत्तम बसते: ती तळाला न टेकता भिंतींवर मधोमध टेकते, आणि आवाज भिंतींवर आहे. किंचित मोठी सुई घेतली तर ती कडेच्या उंचवट्यांवर स्वार होऊन उडू लागते. चकती वाकलेली असेल तर ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. पत्रा सरळ होईल, चर होणार नाहीत.

धुण्याचे काम सोपे, पण आपल्या सवयी त्यात घातक. चिंच, लिंबू, राख, धुण्याचा सोडा, पितळ उजळायची पावडर यांपैकी काहीही नको. ॲल्युमिनियम आम्लात झिजतो आणि अल्कलीतही. मऊ ब्रश, ऊर्ध्वपातित पाणी, त्यात सौम्य द्रवसाबणाचे दोन-चार थेंब आणि लगेच कोरडे करणे, एवढेच. दमटपणामुळे पांढरी पूड धरली असेल तर सैल असेल तेवढीच काढावी. चिकटलेली खरवडली तर तिच्याबरोबर चराची भिंतही जाते.

गती 78 फेऱ्यांची असे धरून चालतात, पण स्प्रिंगचे किंवा बॅटरीवरचे यंत्र फेऱ्यांच्या बाबतीत फारसे प्रामाणिक नसे. घरातल्या विजेवर मुद्रण झाले असेल तर एक छान खूण मिळते: ॲम्प्लिफायरची घुं-घुं आवाजाबरोबरच चकतीत उतरलेली असते. ती अमेरिकेत 60 हर्ट्झच्या, ब्रिटनमध्ये 50 हर्ट्झच्या पटीत यायला हवी. ती जुळेपर्यंत गती बदलावी, बोलणाऱ्याचा आवाज आपोआप जागेवर येतो. मुद्रण डाव्या-उजव्या हालचालीचे असल्याने मोनो ऐकायचे, तरी संगणकावर घेताना स्टिरिओ पिकअपच्या दोन्ही वाहिन्या वेगळ्या नोंदवाव्यात. चराची एक भिंत जास्त झिजलेली असते. कोणती, ते नंतर निवांत ठरवता येते.

सुई लावूच नये अशी अवस्था असेल तर लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या कार्ल हॅबर आणि व्हिटाली फदेयेव या भौतिकशास्त्रज्ञांनी काढलेली वाट आहे. चकतीची अतिसूक्ष्म छायाचित्रे घ्यायची आणि चराची नागमोडी संगणकाने मोजून तिचा आवाज करायचा. मूलकणांचे माग मोजायचे त्यांचे तंत्र इथे कामी आले. या यंत्रणेने सुरुवातीला वाजवलेल्या तबकडीवरून तिला ‘आयरीन’ हे नाव पडले. ती तबकडी होती ‘द वीव्हर्स’ या गायकसंघाची, आणि त्यावरचे गाणे तेच, जे लेड बेलीने अँगोलात लोमॅक्सना म्हणून दाखवले होते.

संगणकावर घेतलेली पहिली प्रत मात्र तशीच ठेवावी: 96 किलोहर्ट्झ, 24 बिट, कसलाही फिल्टर न लावता, खरखर, ठोके, घुं-घुं सगळ्यासकट. कानाला बरी वाटावी म्हणून स्वच्छ केलेली प्रत वेगळी. हा आग्रह निव्वळ शिस्तीपोटी नाही. 1933 च्या 21 एप्रिलला बीबीसीने ‘लुकिंग इन’ नावाचा नाच-गाण्यांचा कार्यक्रम जॉन लॉगी बेअर्डच्या 30 रेषांच्या टेलिव्हिजन पद्धतीने प्रसारित केला. त्या पद्धतीत सेकंदाला साडेबारा चित्रे जात आणि चित्राचा संकेत इतका कमी रुंदीचा असे की तो साध्या रेडिओ केंद्रावरून पाठवता येई. नुसता ऐकला तर कर्कश गुंजारवासारखा वाटे. कुणा हौशी श्रोत्याने तो आपल्या घरच्या यंत्रावर सिल्व्हाटोनच्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर घेतला. साठाहून अधिक वर्षांनी डोनाल्ड मॅक्लीन या अभियंत्याने त्या गुंजारवातून संगणकाने चित्र परत मिळवले. पॅरामाउंट ॲस्टोरिया गर्ल्सच्या नृत्याची ही सुमारे चार मिनिटे म्हणजे प्रसारित टेलिव्हिजनचे सर्वांत जुने ज्ञात मुद्रण. आवाज शुद्ध करणाऱ्या कुणी वाटेत तो गुंजारव खरखर समजून गाळून टाकला असता, तर मॅक्लीनच्या संगणकाला वाचायला काहीच उरले नसते. कार्यक्रमाचा आवाज दुसऱ्या तरंगलांबीवरून गेला होता. तो त्या चकतीवर नाही.